बघणाऱ्याचे तिकीट

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आमच्या घरी एक अंदाजपत्रक तयार होत होते. सरकारी अंदाजपत्रकाप्रमाणेच तेही तुटीचे होते, आणि ती तूट कुणाच्या तरी पोटाला चिमटा घेऊनच भरून निघायची, हेही तिथल्यासारखेच आधी ठरलेले होते. चिमटा कुणाच्या पोटाला, एवढाच प्रश्न शिल्लक होता.

मुलांना खोपोलीजवळच्या इमॅजिकात जायचे होते. ते उद्यान २०१३ साली सुरू झाले, आणि मोठ्याच्या सांगण्यावरून पाहता त्याच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी ते पाहिले होते व उरलेल्या निम्म्यांनी पाहिले असल्याचे सांगितले होते. आमची दोघे खरे बोलणारी, म्हणून त्यांची दुःखे मोठी. त्यात भर अशी, की मी स्वतः तिथे जाऊन आले होते. शाळेच्या सहलीबरोबर मला पाठवले होते.

“तुला काय! तू सगळं पाहिलंयस,” धाकटी दर दोन दिवसांनी म्हणे.

मी काय पाहिले होते ते सांगून तिला पटले नसते. मी सत्तावन्न डोकी पाहिली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर अर्ध्या तासाने मोजली होती. दोनदा ती छप्पन्न भरली, आणि त्या दोन वेळी माझ्या पोटात जो गोळा उठला, तसा गोळा तिथला कुठलाही उंच पाळणा उठवू शकणार नाही.

तर अंदाजपत्रक. हजेरीच्या एका जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर मी पाच नावे लिहिली. ह्यांचे, माझे, मोठ्याचे, धाकटीचे आणि सर्वांत खाली सासूबाईंचे. मग एकेक बाब हाती घेतली. प्रवासाची बाब सर्वांत सोपी निघाली. एसटीने गेल्या काही वर्षांत आमच्या कुटुंबावर जेवढी माया केली आहे, तेवढी सख्ख्या नातलगांनीही केलेली नाही. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट. सासूबाईंना शहात्तरावे संपत आलेले. २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. म्हणून मी अर्धी. मोठा अकरा वर्षांचा, बाराच्या आतला, म्हणून तोही अर्धा. धाकटी तर मूल म्हणूनही अर्धी आणि बाई म्हणूनही अर्धी. दोन्ही सवलती एकत्र करून पाव तिकीट मिळते का, हे ती कंडक्टरला विचारणार होती. पूर्ण तिकिटाचा माणूस घरात एकटे हे. “या घरात माझी किंमत फक्त एसटीला कळते,” असे ते म्हणाले.

साताऱ्याहून पुणे, पुण्याला वन्संकडे रात्रीचा मुक्काम, आणि पहाटे जुन्या रस्त्याच्या गाडीने बोरघाट उतरून खोपोली. तिथून पालीच्या रस्त्याने रिक्षा. वन्संकडच्या मुक्कामाचा खर्च अर्धा किलो कंदी पेढे. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी उद्यानाचा दर चढतो, म्हणून जायचे ते आडवारी. अशा ठिकाणी बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत आणि आतले आपल्याला परवडत नाही, म्हणून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकडी बरोबर घेऊन दारात शिरण्यापूर्वी पोटभर खायचे, आणि आत एकदाच काहीतरी थंड घ्यायचे. आपल्या कुटुंबाला उंटासारखे वागवण्याचे हे शास्त्र मध्यमवर्गीय बाईला कुणी शिकवावे लागत नाही.

अडले ते दाराच्या तिकिटापाशी. एसटी माणसाचे वय पाहते, उद्यान उंची पाहते. मुलाचे तिकीट लागणार की मोठ्या माणसाचे, हे तिथे जन्माचा दाखला ठरवत नाही, पट्टी ठरवते. मी मोठ्याला दाराच्या चौकटीशी उभे केले आणि डोक्यावर फूटपट्टी धरून पेन्सिलीची रेघ मारली. तो उद्यानाच्या रेषेखाली दोन बोटे भरला. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याचा चेहरा पडला. कारण मोठ्या पाळण्यांनाही उंचीची अट असते. तो टाचा उचलून उंच होऊ पाही, मी त्याला खांदे दाबून खाली बसवी. मुलगा वाढावा म्हणून अकरा वर्षे दूध पाजणारी आई त्याने आणखी सहा महिने वाढू नये अशी देवाची प्रार्थना करते, हा चमत्कार मी स्वतःच्या घरात पाहिला.

एवढे करूनही तूट उरलीच. आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वही उघडून पाहते, तो शेवटच्या नावावर पेन्सिलीची एक सरळ रेघ. पुढे एकच शब्द: गुडघे. सासूबाई चौथी शिकलेल्या. पण अक्षर माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलापेक्षा वळणदार.

“आई, हे काय?”

“मी काय करू गं तिथं येऊन? मी का पाळण्यात बसणार आहे? नुसतं बघायला कुणी एवढे पैसे देतं का? तुम्ही जाऊन या. आल्यावर सांगा.”

लिहायला बसलेच आहे तर खरे तेच लिहिते. मला बरे वाटले. तूट नेमकी त्यांच्या तिकिटाएवढी होती. मी “अहो, चला की” असे तोंडदेखले एकदा म्हटले, आणि दुसऱ्यांदा म्हटले नाही.

रात्री मात्र त्यांचा प्रश्न कानात राहिला. नुसते बघायला पैसे? आमच्या जिल्ह्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. तिथल्या आकाशपाळण्यापुढे शंभर माणसे उभी असतात, आणि त्यांतली ऐंशी नुसती बघायला आलेली असतात. जो बसेल त्याने पैसे द्यावेत. खाली उभ्या असलेल्या आईने, आजीने, चुलत्याने काही द्यावे असे पाळणेवाल्याच्या स्वप्नातही येत नाही. म्हणून यात्रेला घरचे सगळे जातात. ज्याच्याजवळ दमडी नाही तोही जातो, आणि आल्यावर “यंदा पाळणा मोठा होता” असे अधिकाराने सांगतो. उद्यानांची रीत निराळी. दारात एकदा पैसे मोजायचे आणि आत हवे तितके खेळायचे. ज्याला दिवसभर खेळायचे आहे त्याला हा व्यवहार स्वस्त पडतो. पण ज्याला फक्त बघायचे आहे, पिशव्या सांभाळायच्या आहेत, चपला राखायच्या आहेत, त्याच्या वाट्यालाही जवळजवळ खेळणाऱ्याचेच मोल येते. त्यामुळे काटकसरीची सहल आखू लागले, की पहिली काट बसते ती बघणाऱ्यांवर.

आणि गंमत अशी, की आजच्या या उद्यानांचा उगमच एका बघणाऱ्याच्या बाकावर आहे. वॉल्ट डिस्नेने सांगून ठेवले आहे, की तो आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये नेई. मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसत आणि हा बाकावर शेंगदाणे खात बसे. तिथे त्याला वाटले, की थोरांनी आणि मुलांनी मिळून मजा करावी अशी एखादी जागा असायला हवी. १७ जुलै १९५५ रोजी त्याचे डिस्नेलँड उघडले. तिथेही प्रथम आत जाण्याचे तिकीट वेगळे आणि पाळण्यांची तिकिटे वेगळी अशीच व्यवस्था होती. १९८२ मध्ये ती वेगळी तिकिटे बंद झाली आणि सर्वांना एकच तिकीट आले. कोपनहेगनचे १८४३ साली उघडलेले टिवोली उद्यान मात्र अजून नुसत्या प्रवेशाचे तिकीट देते. पाळण्याचे पैसे निराळे. म्हणजे आमच्या सासूबाईंची सोय होण्यासाठी त्यांना डेन्मार्कला न्यायला हवे होते. तिथवर एसटी जात नाही.

अशी चेष्टा मी मनाशी करीत होते, आणि मग एकाएकी ती थांबली. कारण “गुडघे” हा शब्द मी पूर्वी कुठेतरी ऐकला होता. शब्द दुसरा होता. पण आवाज तोच होता.

१९९१ चा मे महिना. मी नऊ वर्षांची, भाऊ सहाचा. मामा बोरिवलीला राहत, आणि मुंबईत एस्सेल वर्ल्ड सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. वडील साखर कारखान्यात टाइमकीपर होते. वर्षभर आम्ही त्यांच्यामागे लकडा लावला होता. खाडी ओलांडायला होडीत बसलो, तेव्हाच सहल पुरी झाली असे आम्हाला वाटले होते. पलीकडे पोहोचल्यावर वडिलांनी तिकिटांचा फलक वाचला. मग बाजूला होऊन पाठमोरे उभे राहून खिशातले पैसे मोजले. आम्हा दोघांचे पैसे मामाच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, “तुम्ही जा. मला चक्कर येते. मी इथंच सावलीला बसतो.”

आत मी पुष्कळ मजा केली. पण एका पाळण्यात वर गेले, की खाली बघायची. सगळ्याच मुलांची ती सवय. वर गेल्यावर मूल आधी आकाश बघत नाही, खाली आपले माणूस बघते. खाली मामा होता, हात करीत होता. तरी मी भिंतीपलीकडच्या झाडांत वडिलांना शोधत होते. ते दिसण्यासारखे नव्हते. संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा ते सकाळच्याच जागी बसलेले होते. परतीच्या वाटेवर त्यांनी आम्हाला एवढे विचारले, एवढे विचारले! पाळणा कुठल्या बाजूने फिरतो, वर किती वेळ थांबतो, भाऊ भ्यायला का, मी भ्याले का. “आणि मग?” “आणि वर गेल्यावर?” आम्ही सांगून दमलो, ते ऐकून दमले नाहीत.

आमच्या वडिलांना चक्कर येत नसे. कृष्णाकाठच्या विहिरीत वरच्या कठड्यावरून सूर मारणारा माणूस तो. हे मला ठाऊक होते, डोळ्यांनी पाहिलेले होते. पण ह्या दोन गोष्टी मी तेहतीस वर्षांत एकदाही शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. ठेवल्या त्या मे महिन्यातल्या त्या रात्री. वडील जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

सकाळी मी जाहीर केले, की सहल दिवाळीच्या सुट्टीनंतर. आणि गेलो तर पाचजण, नाहीतर कुणीच नाही. मुलांनी दोन दिवस अबोला धरला. सासूबाईंनी गुडघ्यांचे निरनिराळे पुरावे दिले. मी ऐकले नाही. एका दिवाळी अंकाचे मानधन यायचे होते, ते त्या एका तिकिटासाठी बाजूला ठेवले. मानधन आले, अंकांची मानधने येतात तितक्या सावकाश आले, पण आले.

आणि एवढ्या शहाणपणाबद्दल देवाने मला लगेच शिक्षा केली. निघण्याच्या आदल्या रात्री मोठ्याला पुन्हा चौकटीशी उभे केले, तर तो रेषेच्या वर! सहा महिन्यांत तीन बोटे वाढला होता. सासूबाईंसाठी साठवले होते तेवढ्यातले बरेचसे त्याच्या उंचीने खाल्ले. हे हसले, मोठा नाचला, आणि मी पुण्याला वन्संना अर्ध्याऐवजी पाव किलो पेढे नेले.

तिथे आत गेल्यावर मोठा वडिलांना घेऊन जो गेला तो दुपारपर्यंत दिसला नाही. मी धाकटीबरोबर तिन्हीत्रिकाळ रांगेत. सासूबाईंना घोड्यांच्या गोल पाळण्यासमोर सावलीत बाक मिळाला. पिशव्या शेजारी, चपला काढून पाय वर घेतलेले. आम्ही जाऊन येऊन त्यांना बघत होतो. त्या कंटाळल्या असतील म्हणून मी दोनदा म्हटले, “चला, जरा फिरू.” “राहू दे,” त्या म्हणत. “मी इथं बरी आहे. कामात आहे.”

कसले काम ते मला कळेना. मग धाकटी घोड्यावर बसली आणि मी रेलिंगशी उभी राहिले. पहिला फेरा आला, तिने मान वळवून बाकाकडे पाहिले. आजीने हात केला. दुसरा आला, पुन्हा हात. मग माझ्या लक्षात आले, की हात मधेमधेही वर जातो आहे. आमची धाकटी पलीकडच्या बाजूला असतानाही.

संध्याकाळी खोपोलीच्या स्टँडवर गाडीची वाट पाहताना मी विचारले, “आई, तुम्ही कुणाला हात करत होता?”

“अगं, सगळ्याच पोरांची माणसं तिथं उभी नव्हती,” त्या म्हणाल्या. “कुणी रांगेत अडकलेलं, कुणी फोनवर, कुणाचं बाहेर राहिलेलं असेल. पोर आपलं बघत येतं आणि कुणीच नाही. मग मीच करत होते.”

धाकटी त्यांच्या मांडीवर झोपली होती. गाडी आली. कंडक्टरने सासूबाईंच्या हातात फुकट प्रवासाचे तिकीट ठेवले. त्यांनी ते नीट घडी करून कनवटीला लावले. आणि उद्यानाचे, पैसे मोजून घेतलेले, तिथे आधीच होते.