मस्टरवरचे मेलेले

लढाईची बातमी आली की पेपरात पयला येतो तो आकडा. आपले इतके, त्यांचे तितके. पण मुडदे मोजले कुणी, हे कुणी इचारत नाही.

आपल्याच जालना जिल्ह्यातलं असई गाव घ्या. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथं वेलस्लीची इंग्रजी फौज आणि शिंदे-भोसल्यांची फौज भिडली. इंग्रजांनी आपला हिशेब चोख दिला. ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. फौजेला हजेरीपट होता, कोण कमी ते कळायचं. समोरचे मेलेले मात्र ठोकळ, १,२००. हा अंदाजही इंग्रजांचाच. हरलेला मैदान सोडून गेला, त्याचे मुडदे जिंकणाऱ्यानं मोजले. आजचे काही अभ्यासक मेलेले-जखमी मिळून ६,००० म्हणतात. इंग्रजांच्या यादीतसुद्धा मेलेल्या गोऱ्या अफसराचं नाव, देशी शिपायाचा नुसता आकडा. वेलस्लीच्या जखमी घोड्याचं नाव डायोमेड, ते आजही पुस्तकात सापडतं. शिपाई आकड्यातच गाडला गेला.

मी सळईच्या मिलमध्ये राबतो, म्हणून हे मला लवकर कळतं. एकदा तापलेली सळई उसळली, तिघं भाजले. पेपरात आलं, दोन कामगार जखमी. तिसरा ठेकेदाराचा माणूस, त्याचं नाव मस्टरवर नव्हतं. मस्टरवर नाही तो भाजलाच नाही! बातमीदारानं हापिसात इचारलं, दवाखान्यात तो आलाच नाही.

लढाईच्या बातमीचं असंच. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये झटापट झाली. आपले २० जवान गेले, हे दुसऱ्या दिवशी कळलं. चीननं आपले चार मेले हे कबूल केलं फेब्रुवारी २०२१ मध्ये. मधले आठ महिने आपले टीव्हीवाले ‘सूत्रां’च्या हवाल्यानं चाळीसच्या वरचे आकडे वाजवत होते. सूत्राला ना नाव, ना गाव.

आता भीमा कोरेगावचा खांब आठवा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईतल्या ४९ जणांची नावं त्यावर आहेत. २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. त्या ‘नाक’वरून आपला माणूस आपल्याला वळखता आला. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले. तिथं नुसता ‘४९’ कोरला असता, तर आपण कुणापुढं उभे राहिलो असतो?

म्हणून उद्या आकडा छापून आला की इचारा, मोजला कुणी? मोजायचं कोण राहिलं? नावं कुठायत? तवर त्या आकड्यावर टाळी वाजवू नका.