हिरवं पाणी

तीन वर्षांपूर्वी हे कुवेतहून सुट्टीवर आले, तेव्हा खेडजवळच्या आमच्या घरामागे, पडीक खाचरात दोन गुंठ्यांचं तळं खणून घेतलं. रोहू, कटला आणि मृगळ यांचं बी सोडलं. जाताना म्हणाले, "आता ही अमानत तुझ्याकडे."

आपल्याकडची लाल माती आम्लधर्मी, म्हणून आधी पाच किलो चुना टाकला, मग शेण. शेणखतावर पाण्यात बारीक जीव वाढतात, त्यांना प्लवंग म्हणतात. वनस्पती प्लवंगामुळे पाणी हिरवं दिसतं. त्यावर प्राणी प्लवंग जगतात आणि कटल्याचं मुख्य खाणं तेच. मी एवढंच लक्षात ठेवलं, की हिरवं म्हणजे चांगलं. दर आठवड्याला घमेलंभर जास्तच शेण टाकत गेले. पाणी पोपटी झालं, मग गडद हिरवं. फोटो पाठवले की हे खूश.

सप्टेंबरअखेर तीन दिवस आभाळ भरून राहिलं. चौथ्या दिवशी फजरनंतर अब्बा, म्हणजे माझे सासरे, तळ्याकडे गेले आणि तिथूनच त्यांनी हाक मारली. मासे तोंड वर काढून हवा गिळत होते. सदतीस मेलेले तरंगत होते, बहुतेक कटलाच.

मोटर लावून विहिरीचं पाणी उंचावरून तळ्यात सोडलं. ऊन वर आलं तसे उरलेले मासे खाली गेले. मेलेले अब्बांनी माडाच्या आळ्यात पुरले.

संध्याकाळी भाचा आला. तो शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलाय. म्हणाला, "मामी, हे हिरवं प्लवंग दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं, पण रात्री स्वतःच तो वापरतं. ढग असले की तयार कमी होतो आणि पहाटे पाण्यात उरतच नाही." मग त्यानं मला हात पाण्यात बुडवायला लावला. कोपर पाण्याला टेकताना तळवा दिसेनासा झाला तर प्लवंग बेताचं. तेव्हाही स्वच्छ दिसला तर कमी. माझी बोटं मनगट बुडायच्या आतच दिसेनाशी झाली.

रात्री यांचा फोन आला. जुनाच एखादा फोटो पाठवावा, असं क्षणभर मनात आलं. पण अमानत म्हटल्यावर खोटं कसं बोलणार? सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "बाकीचे जगलेत ना?"

आता शेण टाकण्याआधी मी हात बुडवून बघते. पाणी गडद वाटलं किंवा आभाळ भरलं, तर शेणही बंद आणि खाद्यही. तुमच्यापैकी कुणी तळं केलं असेल, तर दुपारचा हिरवा रंग बघून निर्धास्त राहू नका. पहाटे एक चक्कर मारा. आमचे अब्बा अजून रोज मारतात.