बँकॉकमधली ईसानी पंगत

बँकॉकला जाऊन आलेल्या मराठी कुटुंबांना तिथल्या जेवणाविषयी विचारले, तर बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक तर टूरवाल्यांनी रोज पंजाबी जेवण घातले, नाही तर नारळाच्या दुधातली हिरवी करी खाल्ली. पण संध्याकाळी सातनंतर एखाद्या गल्लीत सर्वांत जास्त गोंगाट ज्या उपाहारगृहात चाललेला असतो, ते पुष्कळदा ईसानी असते. तिथे नारळाचे दूध औषधालाही सापडायचे नाही.

ईसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग. हा शब्दही आपल्या ‘ईशान’चाच. 20 प्रांतांच्या या मुलखात देशाची सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या राहते, बोली लाओसच्या भाषेला जवळची. पाऊस बेभरवशाचा, बरीच जमीन खारवट. 1900 मध्ये बँकॉकची रेल्वे कोराटपर्यंत पोहोचली, पुढे पक्के रस्ते झाले आणि शेतीवर भागेना तेव्हा माणसे राजधानीकडे निघाली. टॅक्सी त्यांनी चालवल्या, इमारती त्यांनी बांधल्या, घरकामही त्यांनीच केले. त्यांच्या मागोमाग त्यांचा खलही आला.

मातीचा उभट खल आणि लाकडी बत्ता यांचा ‘पॉक पॉक’ आवाज हीच या जागेची पाटी. लसूण आणि मिरच्या आधी ठेचायच्या, मग कच्च्या पपईचा कीस, लिंबू, टोमॅटो, चवळीच्या लांब शेंगांचे तुकडे. हे सोम तम. ठेच्यावर वाढलेल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. गंमत अशी, की मिरची आणि पपई दोन्ही मूळच्या अमेरिकेच्या. थायलंडलाही पाहुण्या आणि महाराष्ट्रालाही.

सोबत निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी आणि लार्ब, म्हणजे खिम्यात लिंबू, पुदिना आणि भाजून कुटलेल्या तांदळाची भरड. या भरडीमुळे पदार्थाला भाजणीसारखा खमंगपणा येतो. भात चिकट, भिजवून वाफवलेला, बांबूच्या झाकणाच्या टोपलीत येतो. थायलंडात इतरत्र चमचा-काटा चालतो, इथे मात्र हात. भाताची लहानशी गोळी बोटांनी दाबायची आणि तिनेच रस टिपायचा, भाकरीच्या तुकड्याने कालवण टिपावे तसा. ताटल्या सगळ्यांच्या मध्ये ठेवलेल्या. वर लाउडस्पीकरवर मो लामची गाणी, त्यामुळे शेजारच्याशीही ओरडूनच बोलावे लागते.

खरी परीक्षा प्ला राची. मीठ आणि तांदळाचा कोंडा घालून महिनोन्‌महिने मुरवलेली ही मासळी. बँकॉकच्या सुखवस्तू घरांनी तिच्या वासाला वर्षानुवर्षे नाके मुरडली. मुंबईच्या सोसायटीत सुक्या बोंबलांवरून जी कुजबुज होते, तीच तऱ्हा. बोलणाऱ्यांचीही गत तीच. थाय मालिकांतली मोलकरीण किंवा विदूषक ईसानी ढंगात बोलणार हे ठरलेलेच. आता तेच सोम तम वातानुकूलित मॉलमध्ये मिळते, गोडसर, शेंगदाणे पेरलेले, बिचाऱ्या प्ला राला वगळून. ते वाईट लागते असे नाही, पण भाकरी-पिठले पंचतारांकित हॉटेलात खाण्यासारखेच ते.

गल्लीतल्या दुकानात वाढणाऱ्या मुली गिऱ्हाइकाशी बँकॉकची थाय बोलतात आणि आपसांत ईसानी. ‘चविष्ट’ला राजधानीत ‘अरोय’ म्हणतात, ईसानात ‘सॅप’. पाहुण्याने हा दुसरा शब्द वापरला की त्या चमकून बघतात, आणि टेबलावरचे बोलणे थोडे सैल होते.

शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहावे. ‘माय साय प्ला रा’ म्हटले की मुरवलेली मासळी टळते, पण माशाचे पातळ सॉस आणि सुकी कोळंबी वेगळी सांगूनच काढायला लावावी लागते. तिखट सोसत नसेल तर ‘फेट नॉय’.

दरवर्षी 13 ते 15 एप्रिलला सोंगक्रान, थाय नववर्ष. गणपतीला चाकरमानी कोकणात जातात, तशी ईसानी माणसे गाड्या भरभरून गावी जातात आणि अर्धे बँकॉक रिकामे वाटू लागते. पुष्कळ खल तेव्हा पालथे असतात. त्या आठवड्यात तिकडे जाणाऱ्यांनी दुकान उघडे आहे का, हे आधी विचारून घ्यावे.