वेदनेचे वाटेकरी

‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. ‘वेद’ आणि ‘विद्या’ हे त्याचेच भाऊबंद. परंतु हे ज्ञान ज्याचे त्यालाच होते; शेजाऱ्यापुढे त्याचा पुरावा ठेवता येत नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते, हे लोकोक्तीने केव्हाच सांगून ठेवले आहे. जखम भरली, हाड सांधले, क्ष-किरणांच्या चित्रात काही दिसेनासे झाले आणि तरीही ठणका राहिला, की रुग्णाची स्थिती खोटेपणाचा आळ आलेल्या साक्षीदारासारखी होते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उलटणाऱ्या अशा वेदनेला वैद्यक दीर्घकालीन म्हणते.

ही वेदना एकट्या डॉक्टरच्या आवाक्यातील नाही, हे आग्रहाने मांडले ते जॉन बोनिका (१९१७-१९९४) यांनी. सिसिलीजवळच्या फिलिकुडी बेटावर जन्मलेले हे भूलतज्ज्ञ अमेरिकेत व्यावसायिक कुस्त्या खेळत वैद्यक शिकले. दुसऱ्या महायुद्धात एका लष्करी रुग्णालयात घायाळ सैनिकांवर उपचार करताना भूलशास्त्र अपुरे पडते, हे त्यांना उमगले. इतर शाखांच्या सहकाऱ्यांशी सल्लामसलत करण्याची निकड त्यांना तेथेच जाणवली. १९५३ साली वेदनाव्यवस्थापनावरील त्यांचा बृहद्ग्रंथ निघाला. १९६० साली ते सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेले आणि तेथे अनेक शाखांच्या तज्ज्ञांना एकत्र आणणारे वेदनाचिकित्सालय उभे राहिले. आखाड्यातील दुखापतींनी स्वतः बोनिकांचेही सांधे आयुष्यभर दुखत राहिले. दुसऱ्याच्या वेदनेवर विश्वास ठेवणे त्यांना जड गेले नसावे.

मात्र एका मेजाभोवती बसल्याने मते एक होत नाहीत. त्याच विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात जी पद्धत मांडली, ती अनेकांच्या वैद्यकीय संस्कारांना धक्का देणारी होती. औषध कळ आल्यावर द्यायचे नाही, घड्याळाच्या काट्यावर द्यायचे. व्यायाम दुखेपर्यंत करायचा नाही, आधी ठरलेल्या मापाने करायचा आणि ते माप हळूहळू वाढवायचे. रुग्ण कण्हतो तेव्हा त्याच्याभोवती गोळा व्हायचे नाही. तो चार पावले अधिक चालतो तेव्हा त्याची दखल घ्यायची. कण्हणे ऐकून धावून जाणे हाच ज्या परिचारिकेचा धर्म, तिला हे निष्ठुर वाटले तर नवल नाही. शल्यविशारदाला दोष शोधून काढून टाकण्याची सवय. येथे काढून टाकण्याजोगे काही सापडतेच असे नाही. व्यायामोपचारतज्ज्ञ हालचाल मोजतो, मानसोपचारतज्ज्ञ भीती तपासतो. प्रत्येकाचे शास्त्र आपापल्या जागी खरे असते. पण रुग्णाशी बोलताना त्यांची भाषा जुळली नाही, तर एक ना धड, भाराभर चिंध्या अशी गत होते. एकाने ‘जपून हाला’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘न भिता हाला’ म्हणावे. रुग्ण मग हलतच नाही. त्यातच मनाचा नुसता उल्लेख निघाला, तरी त्याच्या कानी ‘तुझे दुखणे काल्पनिक आहे’ असेच पडते. म्हणून अशा पथकाचे पहिले काम आपापसांत बोलण्याचे असते. औषध त्यानंतर येते.

या बोलण्याला वेळ लागतो आणि वेळेचे बिल कोणी सहजी भरत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत अशी अनेक केंद्रे बंद पडली. विमा कंपन्यांना सुईचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च कळत होता. पाच जणांनी एका माणसाविषयी तासभर केलेल्या चर्चेचा कळत नव्हता. त्याच सुमारास अफूजन्य गोळ्यांचा वापर वाढत गेला आणि पुढे त्याची जबर किंमत त्या देशाला मोजावी लागली.

भारतात तर असे पथक थोड्यांच्याच वाट्याला येते. एका दवाखान्यातून दुसऱ्यात फाइल घेऊन हिंडणारा रुग्णच बहुधा आपल्या तज्ज्ञांमधला निरोप्या असतो. प्रत्येक दारी त्याला आपली कहाणी मुळापासून सांगावी लागते आणि प्रत्येक वेळी नव्याने विश्वास मिळवावा लागतो.

२०२२ पासून लागू झालेल्या जागतिक रोगवर्गीकरणाने दीर्घकालीन वेदनेला स्वतंत्र स्थान दिले आहे. साक्षीदारावरचा आळ कागदावर तरी पुसला गेला. दुखणे समूळ जाईल, असे वचन देणे पथकाला पुष्कळदा शक्य नसते, आणि हे कबूल करणे बरे करण्याची शपथ घेतलेल्यांना सर्वांत कठीण जाते. पण दुखत असतानाही जिना चढता येईल, कणीक मळता येईल, नातवाला उचलून घेता येईल, एवढे ते सांगू शकते. एकाच्या वेदनेचे वाटे पडत नाहीत. तिच्यासह जगण्याच्या कष्टांचे मात्र पडू शकतात.