दुसऱ्या तासाचा आवाज

कान थकवणारा स्पीकर दुकानात ओळखू येत नाही. पहिल्या पाच मिनिटांत तर तोच सर्वांत सरस वाटतो. झांजा लखलखीत, गायकाचा श्वास अगदी कानाशी, तबल्याच्या चाटेचा टणत्कार खोलीभर. घरी आणल्यावर मात्र आठवड्याभरात ऐकणाऱ्याचा हात नकळत आवाज कमी करण्याकडे वळतो, विलंबित ख्याल अर्ध्यावर बंद होतो आणि दोष गायकाला किंवा वयाला दिला जातो. उबदार स्पीकरचे वागणे उलटे असते. पहिल्या भेटीत तो जरा मंद, चार पावले मागे बसलेला वाटतो. त्याचे मोल दुसऱ्या तासाला कळते.

याचे मूळ कानाच्या घडणीत आहे. बाहेरची कर्णनलिका म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची, एका टोकाला पडद्याने बंद असलेली नळी. अशा नळीत ३ हजार हर्ट्झच्या आसपासचे ध्वनी आपोआप वाढतात, त्यामुळे माणसाचा कान २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. तान्ह्या मुलाच्या रडण्यातली धार आणि व्यंजनांचा बराचसा ठसा याच पट्ट्यात येतो. स्पीकरने इथे दोन-तीन डेसिबल जास्त दिले की आवाज ‘क्लिअर’ वाटतो, पुढे येतो. पण कानाला विसावा म्हणून मिळत नाही. हार्मोनियम याची पक्की साक्षीदार आहे. तिच्या पितळी पट्ट्यांत मूळ स्वराच्या वरचे स्वरांश भरपूर असतात. चढ्या स्पीकरवर पेटीची साथ गायकाच्या अंगावर धावून येते, संयमी स्पीकरवर ती त्याच्या मागे आपल्या जागी बसते.

महाराष्ट्रात आज साठी ओलांडलेल्या श्रोत्याचा कान या पट्ट्याच्या बाबतीत आधीच लाडावलेला आहे. तो घडला लाकडी पेटीच्या व्हॉल्व्ह रेडिओवर. त्या रेडिओची पाठ जवळजवळ उघडी असे, आत एकच कागदी कोनाचा, बहुधा लंबगोल स्पीकर असे आणि पुढे जाळीदार कापड ताणलेले असे. मध्यम लहरींवर दोन केंद्रांमधले वारंवारतेचे अंतर फार कमी असल्याने चार-साडेचार हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही पोहोचतच नसे. तांत्रिकदृष्ट्या ही उणीवच होती. पण बोचणारा भाग गाळला गेल्यामुळे सकाळच्या भक्तिसंगीतापासून रात्रीच्या नाट्यगीतांपर्यंत रेडिओ दिवसभर चालू राही आणि घरात कुणाचे डोके दुखत नसे. त्या आवाजाची आठवण सांगणारे पुष्कळदा लाकडाला श्रेय देतात. लाकडाचा वाटा होता, पण वगळलेल्या वरच्या स्वरांशांचा त्याहून मोठा होता.

१९८० च्या दशकात घरोघरी टू-इन-वन आणि मागोमाग डेक आले, तेव्हा हा कान दुसऱ्या टोकाला गेला. कॅसेटचा आवाज मुळात दबका, तोही कॉपीवरून कॉपी केलेला. म्हणून ग्राफिक इक्वलायझरच्या पाच दांड्यांपैकी दोन्ही टोकांच्या वर आणि मधल्या खाली, हा आकार घरोघरी कायमचा ठरून गेला. मधल्या दांड्या खाली म्हणजे गाणाऱ्याचे अंग खाली, ही गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नसे. डेकवर ‘लाउडनेस’ नावाचे एक बटणही असे. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये अमेरिकेत मोजून दाखवले होते. ते बटण त्याच्यावरचा उतारा होता. प्रत्यक्षात ते मोठ्या आवाजातही दाबलेलेच राही. पुढे त्याच स्पीकरांवर, त्याच दांड्यांनिशी सीडी वाजू लागली, तेव्हा कॅसेटला शोभलेला तिखटपणा नुसताच तिखट उरला.

न थकवणारा स्पीकर जाणीवपूर्वक बनवण्याचे काम मात्र त्याआधीच ब्रिटनमध्ये झाले होते. बीबीसीच्या अभियंत्यांना दिवसाचे आठ-आठ तास स्पीकरसमोर बसून कार्यक्रमांचा दर्जा तपासावा लागे. थकणारा कान तिथे कामाच्या आड येई. शिवाय त्यांच्याजवळ कोणत्याही दुकानात नसलेली सोय होती. नियंत्रणकक्षातला स्पीकर ऐकायचा, दार उघडून स्टुडिओत जायचे आणि तोच निवेदक, तोच वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकायचा. निवेदकाचा आवाज छातीतून येण्याऐवजी डब्यातून आल्यासारखा वाटला की आराखडा परत टेबलावर. वाद्यांच्या नादात लपून जाणारा दोष साध्या बोलण्यात उघडा पडतो, हा त्यांचा अनुभव आजही तितकाच कामाचा आहे.

या खटपटीतून १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘एलएस ३/५ए’ हा छोटा स्पीकर तयार झाला. सुरुवात वेगळ्याच कामातून झाली होती: स्टुडिओंच्या लहान प्रतिकृतींवर ध्वनीचे प्रयोग करण्यासाठी एक लहान स्पीकर हवा होता. त्यातून पुढे बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा, जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीचा मॉनिटर, म्हणजे तपासणीचा स्पीकर, निघाला. त्याची जाळी काढली की वरच्या ट्वीटरभोवती, म्हणजे उंच स्वर वाजवणाऱ्या छोट्या घटकाभोवती, फेल्टच्या जाड पट्ट्या चिकटवलेल्या दिसतात. खोक्याच्या कडांवर आपटून विखुरणारा वरचा ध्वनी या पट्ट्या शोषून घेतात. खोके जाड, ठोस नाही; पातळ बर्च प्लायवुडचे आहे आणि आतून डांबरी पट्ट्या लावून त्याचा कंप मारलेला आहे. जाड खोका मधल्या पट्टीत, म्हणजे नेमका गळ्याच्या जागी घुमतो; पातळ आणि दाबलेल्या खोक्याचा घुमार खाली सरकतो, जिथे तो कमी जाणवतो. १०० ते १५० हर्ट्झच्या दरम्यान दिलेला किंचित उठाव या छोट्या पेटीला तिच्या आकारापेक्षा मोठे अंग देतो. बीबीसीच्या परंपरेतल्या काही मोठ्या स्पीकरांत तिखट पट्ट्याच्या खालच्या भागात हलका उतारही ठेवलेला आढळतो. बीबीसीच्या संशोधन विभागातल्या स्पेन्सर ह्यूज यांनी स्वतःच्या आणि पत्नी डोरोथीच्या नावांतून ‘स्पेंडर’ ही कंपनी उभी केली, डडली हारवुड यांनी पत्नी एलिझाबेथच्या नावासह १९७७ मध्ये ‘हार्बेथ’. आज उबदार आवाजासाठी जी नावे सुचवली जातात, त्यांत ही दोन असतातच.

हिंदुस्थानी गायन ऐकणाऱ्याला एलएस ३/५ए सारख्या छोट्या स्पीकरचे माप बरे लागू पडते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास येतो, मंद्र पंचम १०४ च्या आणि तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ च्या. म्हणजे ७०-८० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारा स्पीकर गळ्याला पुरतो. त्याखालच्या गडगडाटासाठी मोजलेले पैसे बहुतेक वेळा सिनेमालाच उपयोगी पडतात. तानपुऱ्याची जवारी हीच मुळात उत्तम कसोटी आहे. चढा स्पीकर तिच्यातून फक्त झणझण काढतो, फार मऊ स्पीकर तिला बोथट करतो. चांगल्या स्पीकरवर तारेतून स्वरांश एकेक सुटताना ऐकू येतात आणि खर्ज त्यांच्या खाली शांत पसरलेला असतो. ऊब म्हणजे धूसरपणा नव्हे, हे ठरवायला एवढी एक तार पुरे.

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून श्रोत्यांकडून चाचण्या करून घेतल्या. ज्या स्पीकरचा आवाज समोरून समतोल येतो आणि बाजूंनाही तसाच सलग पसरतो, त्याला बहुतेकांनी पसंती दिली. असा स्पीकर खोलीत मोजला तर खालून वर जाताना आवाज हलक्या उताराने कमी होत जातो. तेव्हा उबेची आवड हा जुन्या रेडिओवर पोसलेल्यांचा निव्वळ हळवेपणा नव्हे.

आता खोली. मराठी मध्यमवर्गीय घरातली दहा बाय बाराची खोली, गुळगुळीत टाइल, उघड्या भिंती आणि काचेची सरकती खिडकी ही कोणत्याही चांगल्या स्पीकरची परीक्षाच असते. बारा फुटांमुळे ४७ हर्ट्झच्या आणि दहा फुटांमुळे ५६ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतः घुमते. त्यात स्पीकर कोपऱ्यात ढकलला की तबल्याचा डग्गा नुसता बदबदतो. मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी. मागोमाग बारीक चरचर ऐकू आली तर तिखटपणाचा निम्मा दोष भिंतींचा आहे. पातळ पडदा वरचेच ध्वनी खातो, बाकीचे तसेच सोडतो. कापसाच्या गादीचा दिवाण, जाड सतरंजी, पुस्तकांनी वेडेवाकडे भरलेले कपाट यांचा उपयोग जास्त. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणि ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आला, की पुष्कळदा नवा स्पीकर घेण्याची गरजच उरत नाही.

अॅम्प्लिफायरकडे दुर्लक्ष करून चालत नाही. एलएस ३/५ए सारखा स्पीकर एका वॉटला, एक मीटर अंतरावर ८३ डेसिबलच्या आतबाहेर आवाज देतो. ८९ डेसिबल देणाऱ्या स्पीकरइतके वाजायला त्याला चौपट वॉट लागतात. तोकडा अॅम्प्लिफायर अशा वेळी स्वरलहरींचे माथे छाटतो आणि तो छाटलेला आवाज सर्वांत लवकर थकवतो. स्पीकरच्या तारांवर हजारो रुपये घालण्याआधी हा हिशेब करावा.

उतारवयात वरच्या वारंवारता आधी ऐकू येईनाशा होतात, म्हणून काहीजण मुद्दाम चढा स्पीकर घेतात. यात फसगत होते. अशा कानाला हळू आवाज कमी ऐकू येतो, पण तोच जरा वाढला की एकदम कर्कश वाटतो. सहन होण्याची पट्टीच अरुंद झालेली असते. म्हातारपणी संयमी स्पीकरची गरज उलट वाढते.

खरेदीला जाताना स्वतःच्या सवयीची दोन ध्वनिमुद्रणे न्यावीत: एक संथ गायन, एक नुसते बोलणे. दोन स्पीकर ताडताना दोघांचा आवाज सारखा करून मागावा, कारण किंचित मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो. जाळी काढून कोनाच्या कडेचा गोल पट्टा पाहावा. तो फोमचा असेल तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होतो, रबराचा बराच जास्त टिकतो. आणि निदान तासभर बसावे. तेवढा वेळ बसू न देणाऱ्या दुकानातून स्पीकर घेऊ नये.