पोळ्यांचा डबा

‘काही लागलं तर सांगा हं,’ असं मोठी माणसं म्हणतात ना? पण घरात बरा न होणारा आजार आला, की सांगायलाही उसंत नसते!

माझ्या मामांच्या मेंदूत कॅन्सरची गाठ झाली. ऑपरेशननंतर ती पुन्हा वाढली. आता त्रास कमी करणं एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. गाठ ज्या भागात असते, त्या भागाचं काम बिघडतं. मामांना शब्द आठवेनासे झाले. एरवी शांत असणारे मामा एकदम चिडायचे. मामेभाऊ रडवेला व्हायचा. मामी समजवायची, ‘‘अरे, बाबा नाही रागावले, हा आजार आहे.’’

मामी रात्ररात्र जागायची. तिला हात दिला शेजाऱ्यांनी. एक काकू न विचारता रोज पोळ्यांचा डबा पाठवत. एक आजोबा संध्याकाळी मामांजवळ बसत, तेवढ्यात मामी डोळा लावी. मामेभावाचा मित्र वह्या आणून देई, त्याला क्रिकेटला नेई.

अशा रुग्णांची शेवटपर्यंत सेवा करणारी ‘शांती आवेदना’ संस्था मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झाली. पण गावोगावी अशी सोय कुठली? तिथे शेजारीच कामी येतात.

मामा गेले, त्यानंतरही महिनाभर डबा येत होता.

तुमच्या वर्गातल्या कुणाच्या घरी असं दुखणं असेल, तर जरूर जा. जवळ बसल्याने हा आजार होत नाही. वही द्या, दूध आणून द्या, नुसतं खेळायला बोलवा. आणि हो, नंतरही जात राहा!