सांध्याची पावती जपली आहे का?

सोन्याची बांगडी घेतली की तिची पावती आपण कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवतो. मिक्सरचे वॉरंटी कार्डही वर्षानुवर्षे जपतो. पण ऑपरेशन करून शरीरात कायमचा बसवलेला सांधा कोणत्या कंपनीचा, कोणत्या बॅचचा, हे सांगणारा कागद किती घरांत सापडेल?

मला हा प्रश्न पडला तो आत्यामुळे. तिचा गुडघा बदलून सहा वर्षे झाली. "आत्या, सांधा कोणत्या कंपनीचा बसवलाय गं?" मी सहज विचारले.

"मला काय ठाऊक? इम्पोर्टेड आहे, एवढं डॉक्टर म्हणाले होते."

तिच्या फाईलमध्ये बिले होती, एक्स-रे होते, पथ्याचा तक्ताही होता. सांध्याचा नंबर मात्र कुठेच नव्हता. आत्या आजही देवळाच्या पायऱ्या चढते, त्यामुळे तिचे काही अडले नाही. पण ज्यांचे अडले, त्यांची हकिगत ऐकण्यासारखी आहे.

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या कंपनीने 'एएसआर' नावाचा कृत्रिम खुबा बाजारात आणला होता. त्यात गोळा आणि वाटी दोन्ही धातूची. चालताना धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे सूक्ष्म कण सुटत. ते आसपासच्या मांसपेशींना इजा करत, रक्तात उतरत. वेदना वाढून अनेकांना पुन्हा ऑपरेशन करून घ्यावे लागले.

हा दोष उघड कसा झाला? नोंदींमुळे! ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये बसवलेल्या सांध्यांची राष्ट्रीय नोंद ठेवतात. हा खुबा इतरांपेक्षा लवकर बदलावा लागतो, हे त्या नोंदींतून दिसले. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून तो मागे घेण्यात आला. तोपर्यंत सुमारे ९३ हजार रुग्णांच्या शरीरात तो बसला होता.

अमेरिकेत हजारो रुग्ण कोर्टात गेले. २०१३ मध्ये सुमारे आठ हजार जणांसाठी अडीच अब्ज डॉलरची तडजोड जाहीर झाली.

आणि आपल्याकडे? भारतात अशी सुमारे ४७०० ऑपरेशने झाली होती. केंद्र सरकारने २०१७ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली. तिचा अहवाल २०१८ मध्ये पुढे आला, तेव्हा सुमारे ३६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. त्याच वर्षी सरकारने ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचे सूत्र ठरवले. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २०१९ मध्ये तिने पडताळणी झालेल्या आणि पुन्हा ऑपरेशन करावे लागलेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी दाखवली. ४७०० कुठे आणि ६७ कुठे!

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास उत्पादकाकडे भरपाई मागता येते. पण ती वस्तू त्याचीच होती, हे आधी दाखवावे लागते. कागदच नसेल तर दाखवणार काय?

म्हणून घरात कुणाचा खुबा, गुडघा बदलायचा असेल, पेसमेकर किंवा स्टेंट बसवायचा असेल, तर डिस्चार्जच्या वेळी एवढे जरूर मागा. त्या वस्तूच्या खोक्यासोबत स्टिकर येतात. त्यांवर कंपनीचे नाव, मॉडेल आणि बॅच नंबर असतो. एक स्टिकर हॉस्पिटलच्या कागदांवर लावतात. एक आपल्या फाईलमध्ये लावून घ्या, निदान त्याची झेरॉक्स तरी घ्या. ऑपरेशन आधीच झाले असेल तर हॉस्पिटलकडे लेखी अर्ज करून ही माहिती मागा. पत्ता किंवा फोन नंबर बदलला तर तिथे कळवा. नवा सांधा पुन्हा दुखू लागला तर "वयोमानाने होतंय" म्हणून अंगावर काढू नका, तपासून घ्या.

असे विचारले तर डॉक्टर रागावतील, अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. पण यात अविश्वास कसला? सराफाकडे पावती मागताना आपण त्याला चोर थोडेच म्हणतो!